मृत्युपत्रातले गणगोत

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८८४ मध्ये जॉन हार्वर्डचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच नामांकित होता, पण जॉन हार्वर्ड दिसायला कसा होता हे सांगणारे एकही चित्र त्याला मिळाले नाही. शेवटी एका विद्यार्थ्याला समोर बसवून चेहरा घडवला गेला. चेहऱ्याचे एक वेळ चालून गेले. पण ज्याच्या नावाने जवळपास अडीचशे वर्षे संस्था चालली, त्याचे आईबाप कोण हेही तोवर कोणाला सांगता येत नव्हते. केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात शिकला, १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आला, १६३८ च्या सप्टेंबरात चार्ल्सटाउन येथे क्षयाने वारला आणि मरताना तोंडी मृत्युपत्राने निम्मी मालमत्ता व सुमारे ४०० पुस्तके नव्या कॉलेजाला देऊन गेला, एवढीच त्याची कुळकथा. जेम्स सॅव्हेज या वंशावळकाराने तर १८४२ मध्ये जाहीरच केले होते, की या माणसाविषयी पाच ओळी जो आणून देईल त्याला पाचशे डॉलर मिळतील.

त्या पाच ओळी शेवटी हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या सेलम गावच्या संशोधकाला सापडल्या. पुतळा बसल्यावर पुढच्याच वर्षी त्याने आपला शोध छापला. काम चालले होते लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये, आणि कामाची रीत अगदी कंटाळवाणी होती: जुनी मृत्युपत्रे एकामागून एक वाचत जायचे. सूचीत नाव असते ते मृत्युपत्र करणाऱ्याचे. ज्यांना काही मिळाले त्यांची नावे आतल्या मजकुरात दडलेली राहतात. ‘हार्वर्ड’ आडनावासाठी सूचीवरून बोट फिरवणाऱ्याला जॉनच्या आईचे मृत्युपत्र कधीच सापडले नसते, कारण मरताना तिचे आडनाव यिअरवुड होते.

थेम्सच्या दक्षिण काठावर सदर्क भागात रॉबर्ट हार्वर्ड नावाचा खाटीक राहत होता. १६२५ च्या प्लेगमध्ये काही आठवड्यांच्या आत रॉबर्ट गेला, चार मुले गेली. मागे राहिली त्याची बायको कॅथरीन आणि जॉन व थॉमस हे दोन मुलगे. कॅथरीनने पुढल्या वर्षी लाकडी पिंपे बनवणाऱ्या जॉन एलेट्सनशी लग्न केले. तो काही महिन्यांतच वारला. मग तिसरे लग्न रिचर्ड यिअरवुड या किराणा व्यापाऱ्याशी झाले, आणि तोही तिच्याआधी गेला. १६३५ मध्ये ‘विधवा कॅथरीन यिअरवुड’ हिने मृत्युपत्र केले आणि त्यात आपला थोरला मुलगा म्हणून जॉन हार्वर्ड, ‘क्लार्क’, याचे नाव घातले. आजच्या वाचकाला इथे कचेरीतला कारकून दिसेल. त्या काळी इंग्रजी दस्तऐवजात हा शब्द धर्मोपदेशकासाठी वापरीत, आणि इमॅन्युएल कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणाला तो नेमका लागू पडतो.

तेवढ्याने मात्र सिद्ध काही होत नाही. जॉन हार्वर्ड नावाचा दुसरा पाद्री असू शकतो. गाठ पक्की झाली ती धाकट्या भावाच्या मृत्युपत्राने. थॉमस हार्वर्डने आपल्या मृत्युपत्रात भाऊ जॉन आणि सेंट सेव्हियर्स चर्चचा धर्मोपदेशक निकोलस मॉर्टन यांच्यावर अंमलबजावणी सोपवली होती. मे १६३७ मध्ये प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळाले तेव्हा मॉर्टन एकटाच पुढे आला. भावाचा हक्क राखून ठेवल्याचा शेरा तेवढा नोंदला गेला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कागदांत जॉन हार्वर्ड हे नाव उगवते. एक माणूस इथून नाहीसा होतो आणि तिथे हजर होतो, आणि दोन्हीकडच्या तारखा एकमेकींना मिळतात. पुढे आईचे माहेरही कळले. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या लग्नाच्या नोंदवहीत १६०५ साली रॉबर्ट हार्वर्ड आणि कॅथरीन रॉजर्स यांची नोंद आहे. तिचे वडील थॉमस रॉजर्स त्या गावचे प्रतिष्ठित नागरिक होते. त्यांनी १५९६ मध्ये बांधलेले लाकडी नक्षीचे घर आजही गावच्या मुख्य रस्त्यावर उभे आहे आणि लोक त्याला हार्वर्ड हाउसच म्हणतात.

जुन्या मृत्युपत्रांवरून वंशावळ उलगडण्याच्या विषयाची ओळख या उदाहरणाने करून देण्याचे कारण एवढेच, की इथे एकाही कागदाने सरळ उत्तर दिलेले नाही. उत्तर निघाले ते कोणाला काय मिळाले, कोणावर जबाबदारी पडली, कोण हजर होते आणि कोण नव्हते, यांतून. मृत्युपत्रात नात्याचा शब्द असतो आणि वाट्याचा हिशेब असतो. नवखा अभ्यासक शब्दावर विश्वास ठेवतो. मुरलेला आधी हिशेब पाहतो आणि मग शब्दाकडे वळतो.

शब्द किती फसवे असतात हे पाहायला त्याच स्ट्रॅटफर्डमधले दुसरे घर पुरेसे आहे. विल्यम शेक्सपिअरच्या मृत्युपत्रावर २५ मार्च १६१६ ही तारीख आहे, आणि महिनाभरात, २३ एप्रिलला तो वारला. त्यात एलिझाबेथ हॉल या मुलीचा उल्लेख ‘माझी नीस’ असा आहे. आजच्या इंग्रजीप्रमाणे ती पुतणी किंवा भाची ठरते. प्रत्यक्षात ती त्याची थोरली मुलगी सुझाना हिची मुलगी, म्हणजे सख्खी नात, १६०८ मध्ये जन्मलेली. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी नातीचाच अर्थ होता आणि सतराव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत रेंगाळला होता. ‘नेफ्यू’चेही तसेच. चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद हाताशी नसती तर एखाद्या चरित्रकाराने शेक्सपिअरला हॉल आडनावाच्या माणसाशी लग्न केलेली बहीण बहाल केली असती, आणि पुढच्या दहा जणांनी तिची नक्कल केली असती. वंशावळींत अशी माणसे बरीच आहेत, जी कधी जन्मलीच नाहीत.

‘कझिन’ हा शब्द तर अघळपघळ. पुतण्या, भाचा, चुलत-मामे-आते-मावस भावंडे, बायकोकडचे पाहुणे, इतकेच काय लांबून ओळखीचे सोयरेही त्यात बसत. हॅम्लेट नाटकात राजा क्लॉडियस आपल्या पुतण्याला ‘कझिन’ म्हणून हाक मारतो आणि प्रेक्षकांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल, सावत्र मुलगाही असेल. डिकन्सच्या पिकविक पेपर्समध्ये, म्हणजे थेट एकोणिसाव्या शतकात, सॅम वेलर आपल्या सावत्र आईला ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो. ‘भाऊ’ म्हणजे मेहुणा किंवा साडूही निघतो, ‘वडील’ म्हणजे सासरे निघतात. प्युरिटन पंथातल्या मंडळींत तर एकाच चर्चला जाणारा प्रत्येक जण भाऊ. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असेही नाही. एकाच गावातल्या एका नावाच्या दोन माणसांना वेगळे ओळखता यावे म्हणून ही शेपटे लावत, मग ते काका-पुतणे असोत की एकमेकांशी काहीही नाते नसलेले शेजारी.

विशेषणेही जपून वाचावी लागतात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मृत्युपत्रात ‘नॅचरल सन’ लिहिले असेल तर बऱ्याचदा त्याचा अर्थ रक्ताचा मुलगा, म्हणजे जावई किंवा सावत्र नव्हे, इतकाच असतो. अठराव्या शतकात तोच शब्दप्रयोग अनौरस मुलासाठी रुळला. ‘माझी आत्ताची पत्नी’ असे वाचले की अनेक जण लगेच पहिल्या बायकोचा शोध सुरू करतात. वास्तविक हा वकिली सावधपणा होता. मृत्युपत्र केल्यावर ही बायको वारली आणि आपण दुसरी केली, तर हा वाटा त्या दुसरीने मागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पहिली बायको असेल किंवा नसेल, या शब्दांवरून ते ठरत नाही.

एकाच घरात एकाच नावाचे दोन जिवंत भाऊ हा मराठी वाचकाला अशक्य वाटणारा प्रकारही त्या काळी घडे. मुलाचे नाव धर्मपित्याच्या नावावरून ठेवायचे आणि दोन्ही मुलांचे धर्मपिते जॉन, मग दोन्ही मुले जॉन. मृत्युपत्रात ‘थोरला जॉन’ आणि ‘धाकटा जॉन’ असे सुटसुटीत लिहिलेले असते. अभ्यासक मात्र थोरला लहानपणी वारला असे गृहीत धरून त्याला वंशावळीतून बाद करून बसलेला असतो.

काही गाठी सुटतच नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. शेक्सपिअरची हीच नात एलिझाबेथ पुढे लेडी बार्नर्ड झाली आणि १६७० मध्ये निपुत्रिक वारली. तिच्याबरोबर कवीचा सरळ वंश संपला. तिने मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवली लंडनचा नागरिक एडवर्ड बॅग्ली याच्यावर आणि त्याचा उल्लेख केला ‘माझा प्रिय आप्त’ असा. हा बॅग्ली कोणाकडून कोण, हे शेक्सपिअरच्या घराण्याचा कागद अन् कागद पालथा घालणाऱ्यांनाही सांगता आलेले नाही. शब्द आहे, वाटा आहे, जबाबदारीही आहे. दुवा तेवढा नाही.

याउलट मृत्युपत्रात एखाद्याचे नाव नसणे हे त्याहून अवघड प्रकरण. नाव नाही म्हणजे माणूस मेला, रुसला किंवा बेदखल झाला, अशी तीन उत्तरे पटकन सुचतात. चौथे बहुधा खरे असते: त्याला त्याचे आधीच मिळालेले होते. जमीन लग्नाच्या वेळच्या करारनाम्याने थोरल्याच्या नावे झालेली असे, मुलींना हुंड्याच्या रूपाने वाटा पोचलेला असे. मृत्युपत्र म्हणजे उरलेल्याची वाटणी. शेक्सपिअरने बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा पलंग’ दिला त्यावर ढिगांनी लिहिले गेले, पण त्या ओळीवरून नवरा-बायकोचे बरे चालले होते की नाही हे ठरवणे धाडसाचे आहे. त्यापेक्षा बोलकी जागा दुसरी आहे. बहीण जोन हार्ट हिच्या तीन मुलांना त्याने पैसे ठेवले. दोघांची नावे लिहिली, तिसऱ्याच्या नावाची जागा कोरी. पोराचे नाव थॉमस. मामाला ते ऐन वेळी आठवले नाही, की लिहिणाऱ्याने नंतर भरू म्हणून सोडले, कोण जाणे. फक्त या कागदावर विसंबणाऱ्याच्या वंशावळीत मात्र थॉमस हार्टच्या जागी एक टिंब उरते.

ही कोरी जागा आणि त्याहून महत्त्वाची खाडाखोड दिसते ती मूळ कागदात. ज्यूडिथ या धाकट्या मुलीच्या वाट्याची सुरुवात करताना लेखनिकाने आधी ‘माझ्या जावयाला’ असे लिहायला घेतले होते. ते खोडून मुलीचे नाव घातले. ज्यूडिथचे लग्न थॉमस क्विनीशी जेमतेम दीड महिन्यापूर्वी झालेले आणि दुसऱ्या एका बाईच्या प्रकरणात हा जावई चर्चच्या न्यायालयापुढे येण्याच्या बेतात. एका खोडलेल्या शब्दात सासऱ्याचे मत उमटले आहे. कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात दाखल झालेल्या मृत्युपत्रांच्या नकला मोठ्या वह्यांतून उतरवून ठेवलेल्या आहेत. १३८४ पासून १८५८ पर्यंतची ही मालिका आज लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे आणि संशोधक सहसा याच वह्यांतून काम करतात. नक्कल करणारा कारकून स्वच्छ अक्षरात अंतिम मजकूर लिहितो, खोडलेले उतरवत नाही. शिवाय नावे वाचताना चुकतो. म्हणून गुंता दाट असेल तिथे मूळ कागद मिळतो का हे पाहावेच लागते.

तारखांचा घोळ वेगळाच. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे फेब्रुवारी १६३८ असे लिहिलेले मृत्युपत्र आपल्या हिशेबाने १६३९ चे. बापाच्या मृत्युपत्राला प्रोबेट मिळाले आणि त्यानंतर दहा महिन्यांनी त्याने बाळाच्या बाप्तिस्म्याला हजेरी लावली, असले चमत्कार बहुतेक याच कारणाने घडतात.

बायकांचे काय? इंग्लंडात १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून सहसा मृत्युपत्र करता येत नसे. त्यामुळे जी स्त्रियांची मृत्युपत्रे सापडतात ती मुख्यत्वे विधवांची आणि अविवाहितांची. नातेसंबंधांसाठी याहून मोठी खाण नाही. पुरुष शेत, घर, दुकान यांची सोय लावतो आणि मोकळा होतो. अपत्य नसलेली मावशी किंवा आत्या चांदीचा चमचा एका भाचीला, लोकरी झगा दुसरीला, बायबल तिसरीच्या मुलीला असे वाटत बसते, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकेक नाते आणि भाचीचे सासरचे आडनाव लिहिले जाते. श्रीमंत सरदाराच्या भारदस्त मृत्युपत्रापेक्षा अशा एखाद्या अविवाहित बाईच्या दोन पानांवर अभ्यासकाची अधिक पोटपूजा होते.

आडनाव बदलण्याला लग्न हेच एक कारण नसते. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन संस्था ज्याच्या पैशावर उभी राहिली तो जेम्स स्मिथसन जन्मला तेव्हा मेसी होता. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकचा हा अनौरस मुलगा. आईच्या मृत्यूनंतर त्याने बापाचे मूळ घराण्याचे नाव घेतले, आणि १८२६ च्या मृत्युपत्राची सुरुवातच आपण कोणाचे पुत्र हे ठासून सांगत केली. संपत्ती ठेवली पुतण्या हेन्री जेम्स हंगरफर्ड याला, जो आधी डिकिन्सन होता. पुतण्याला औरस किंवा अनौरस कोणतेही मूल न होता तो वारला तर पैसा अमेरिकेला, अशी तरतूद. अनौरस मुलांना बरोबरीने मोजणारे हे कलम लिहिताना त्याच्या मनात काय असेल, ते त्याच्या पहिल्या ओळीवरून ओळखता येते. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला. मेसी, स्मिथसन, डिकिन्सन, हंगरफर्ड: चार आडनावे, रक्त एकाच घरचे.

मराठी मुलखात नावापेक्षा मोठी अडचण दत्तकाची. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, १८३९ मध्ये केलेल्या मृत्युपत्राचा इंग्रजी तर्जुमा छापील इतिहासांतून उपलब्ध आहे. त्यात धोंडोपंत नाना हे थोरले पुत्र, गंगाधरराव हे तिसरे व धाकटे पुत्र, आणि दुसरे पुत्र पांडुरंगराव यांचे चिरंजीव सदाशिवराव हे नातू, अशी मांडणी आहे. ही ओळ वाचून एखादा परदेशी अभ्यासक बाजीरावांच्या पोटी तीन मुलगे मांडील. वास्तविक नानासाहेब हे कर्जतजवळच्या वेणगावच्या माधवराव नारायण भटांचे पुत्र, १८२७ मध्ये दत्तक घेतलेले, आणि बाजीरावांच्या मागे औरस मुलगा नव्हताच. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मृत्युपत्रातला शब्द चोख आहे. दत्तविधान झाले की मुलगा तो मुलगाच. रक्ताची वंशावळ काढणाऱ्याला मात्र प्रत्येक पुत्रापुढे थांबून तो कोणत्या घरून आला हे विचारावे लागते. अठराशे सत्तावनवरच्या इंग्रजी लेखनात बाळासाहेबांना नानांचा भाऊ आणि रावसाहेबांना पुतण्या म्हटले जाते, ते याच दत्तक नात्यांच्या जाळ्यातून. बाजीराव १८५१ मध्ये वारले. ईस्ट इंडिया कंपनीने नानांना वारस म्हणून मिळालेली मालमत्ता घेऊ दिली, आठ लाखांचे पेन्शन मात्र बंद केले.

सामान्य मराठी घराण्यांत हेच रोज घडत होते. चुलत्याला दत्तक गेलेला मुलगा सख्ख्या भावाचा चुलत भाऊ होतो, बापाचे नाव बदलतो, आणि परगोत्रात गेला तर गोत्रही बदलते. कुलवृत्तांतांच्या संपादकांनी अशा ठिकाणी ‘दत्तक गेला’, ‘दत्तक आला’ अशा खुणा करण्याची पद्धत पाडली, ती इंग्रजी वंशावळकारांनीही उचलावी अशी आहे.

मुंबईचे दफ्तर या दोन जगांच्या सीमेवर आहे. १७२६ च्या सनदेने इथे मेयर्स कोर्ट आले, पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून उच्च न्यायालय. कंपनीच्या काळात इथे वारलेल्या युरोपियनांच्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. बंगालमधल्या अशाच मृत्युपत्रांविषयी इतिहासकार विल्यम डॅलरिंपल यांनी नोंदवले आहे, की १७८० ते १७८५ या काळात तीनपैकी एका मृत्युपत्रात भारतीय स्त्रीसाठी किंवा तिच्या मुलांसाठी काही ना काही ठेवलेले असे. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचे इंग्रजी नाव आणि बापाचे नाव सापडते, आईची जागा बऱ्याचदा रिकामी असते. तिचा पत्ता लागलाच तर याच कागदांत लागतो, तोही ‘घर सांभाळणारी’ किंवा ‘माझ्याजवळ राहणारी’ अशा आडून घेतलेल्या शब्दांत, पुढे दरमहा अमुक रुपये तिला तहहयात द्यावेत अशी व्यवस्था.

हिंदूंच्या मृत्युपत्रांचा शोध घेणाऱ्याला वेगळी वाट धरावी लागते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मृत्युपत्राला फारसा वाव नव्हता. १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट या भागात लागू झाला तो मुंबई शहरापुरता. लेखी मजकूर आणि दोन साक्षीदार ही अट पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या हिंदूंना लागली ती १ जानेवारी १९२७ पासूनच्या मृत्युपत्रांना. त्याआधी तिकडे तोंडी मृत्युपत्रही चालत असे, आणि तोंडी बोललेले कोणत्याही वहीत सापडत नाही. ते सापडते भांडण कोर्टात गेले तर. दत्तकाच्या आणि वाटणीच्या दाव्यांत दोन्ही पक्ष आपापली वंशावळ दाखल करत. साक्षीदार म्हातारे गावकरी कोण कोणाचा मुलगा हे शपथेवर सांगत, आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले तर निकालाच्या छापील अहवालात ती वंशावळ आखून दिलेली असे. दोन्ही पक्षांच्या वंशावळी जिथे जुळतात तेवढा भाग आधी उतरवून घ्यावा. जिथे त्या फुटतात, दावा नेमका तिथलाच असतो.